ज्याचं जनावर त्यानं ओढावं

कर्वेनगर, पुणे
१० मार्च २००२

चि. कल्याणी,
जय भीम.

तुझा फोटो पेपरात आला आहे. पान पाच, खालचा कोपरा. तोंडाला रुमाल, पायात गमबूट आणि शेजारी फुगलेली म्हैस. खाली नाव छापलंय, पूर्ण, माझ्या नावासकट. तेवढं मधलं नाव गाळलं असतं तर त्यांचं काय बिघडणार होतं?

मी आमचा पेपर गादीखाली घातला, पण सोसायटीत तो घरोघरी येतो. जिन्यात सेक्रेटरी रंगनाथराव भेटले. म्हणाले, अभिनंदन, कन्येनं फार वेगळं क्षेत्र निवडलंय हं, वासाची होत असेल ना सवय हळूहळू? मी म्हणालो, होते की, सोसायटीच्या कचराकुंडीची आम्हाला झालीच. ते हसले. मी घरात येऊन दार लावलं आणि तुझ्या आईवर ओरडलो. तिची काही चूक नव्हती, पण तू समोर नव्हतीस.

जानेवारीत घर सोडून गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, पप्पा, मी पक्ष्यांचा अभ्यास करते, मेलेल्या ढोरांचा नाही. हे त्या फोटोवाल्याला सांगितलं नाहीस वाटतं.

तू प्राणिशास्त्र घेते म्हणालीस, मी घे म्हणालो. एम.एस्सी. झालीस तेव्हा टेलिफोन ऑफिसात टेबलाटेबलावर जाऊन पेढे वाटले. वाटलं, कुठंतरी प्राध्यापक होशील, फळ्यावर बेडकाची आकृती काढशील. तुझा भाऊ बघ. समाधान दिवसभर काचेच्या इमारतीत बसून काय करतो ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण संध्याकाळी हात स्वच्छ असतात. जगात मोर आहेत, पोपट आहेत. तुला गिधाडच सापडलं? आणि ते बघायला ढोरं टाकायच्या जागीच जाऊन बसायचं?

तुझ्या आजोबांनी ते काम सोडलं म्हणून आपण या फ्लॅटमध्ये आहोत. हे तुला माहीत आहे. माहीत असून गेलीस, याचाच मला राग आहे.

यापुढं पेपरात यायचं असेल तर नुसतं कल्याणी असं छापायला सांग.

सुखदेव

ता. क. तिथं जेवणाचं काय करतेस, असं तुझी आई विचारते. मी विचारलेलं नाही.


कर्वेनगर
२ मे २००२

चि. कल्याणी,
जय भीम.

तू उत्तर आईला पाठवलंस. तिनं ते मोठ्यानं वाचलं, गॅलरीतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गॅलरीत मी होतो.

तू म्हणतेस, दहा-बारा वर्षांत शंभरातली पंचाण्णव गिधाडं गेली आणि का गेली ते कुणालाच कळत नाही. कुणी म्हणतं रोग, कुणी म्हणतं बैल जाऊन ट्रॅक्टर आले, माळांवर प्लॉट पडले, मग खायचं काय. आणि आईला लिहितेस की पप्पांना विचार, त्यांच्या लहानपणी गावाकडं किती होती. मला थेट विचारायला तुझी लेखणी झिजत होती का?

पुष्कळ होती. ऐक.

गावात जनावर मेलं की वरच्या आळीतून कुणीतरी येऊन वस्तीच्या कडेला उभं राहून ओरडायचं. नाव घेऊन नाही, नुसतं 'ए, ढोर पडलंय' म्हणून. मग तुझे आजोबा दत्तोबा आणि त्यांचे भाऊ दोर आणि वासे घेऊन जायचे. ओढत माळावर आणायचे आणि सोलायला बसायचे. तोवर वरती गिधाडं फिरायला लागायची. आधी एखाददुसरं, मग आभाळ काळं होईतो. बायका टोपल्या घेऊन यायच्या. माझ्या हातात काठी असायची. माझं काम गिधाडं हाकलायचं. का, ते तुला कळलं असेल. नसेल कळलं तर स्पष्ट लिहितो. ती जे खायला यायची तेच न्यायला आम्ही आलेलो असायचो. तू त्यांना 'निसर्गाचे सफाई कामगार' म्हणतेस. आम्ही त्यांना वाटेकरी म्हणायचो. एकदा एकानं माझ्या हातातला तुकडा ओढून नेला आणि घरी जाऊन मी त्याबद्दल मार खाल्ला.

सत्तावन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली. त्यानंतर पंधरवड्यात पाटलाचा बैल मेला. माणूस येऊन ओरडला. दत्तोबा घराबाहेर आले आणि म्हणाले, ज्याचं जनावर त्यानं ओढावं. एवढंच म्हणाले. बैल गोठ्यात कुजला. शेवटी परगावहून माणसं आणून तो उचलला आणि मग आमच्यावर राग निघाला. गिरणीत दळण बंद, शेतावरची कामं बंद, पाण्याच्या वाटेवर काटे. आम्ही पुण्याला आलो. दत्तोबा मंडईत हमाली करायला लागले. पाठीची सालं निघायची, पण रात्री म्हणायचे, कांद्याचं पोतं आहे बाबा, कांद्याचं.

तेव्हा गिधाडं संपत चालली आहेत हे ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

सुखदेव


कर्वेनगर
९ ऑगस्ट २००४

चि. कल्याणी,
जय भीम.

सोबत कात्रण आहे. तुझ्याकडं असेलच, तरी असू दे.

म्हणजे रोगही नाही आणि उपासमारही नाही. जनावर लंगडतं, मालक दयेनं त्याला दुखण्यावरचं इंजेक्शन टोचायला लावतो. जनावर मरायचं ते मरतंच आणि औषध त्याच्या अंगात राहतं. ते खाल्लं की गिधाडाची किडनी जाते आणि ते मान खाली टाकून फांदीवर बसल्या बसल्या मरतं. एका जनावरावर पन्नास जेवायला येणार, म्हणजे पंगतच उठली. मी दोनदा वाचलं. मग माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची डबी चष्मा लावून बघितली. तेच औषध आहे. मला त्यानं आराम पडतो.

आणखी एक. तू मागं आईला लिहिलं होतंस की गिधाडं गेली तिथं कुत्री वाढतात, कारण मेलेलं जनावर आता त्यांना एकट्याला मिळतं. मी म्हणालो होतो, काहीतरीच. परवा आपल्याच इथं नदीकाठच्या रस्त्यावर सात-आठ कुत्र्यांनी तुझ्या आईला घेरलं. आपल्याकडं ती कचऱ्यावर वाढतात, हे मला कळतं. पण तिनं फिरायला जाणं बंद केलंय आणि घरी बसून म्हणते, माझी पोरगी सांगत होती तेव्हा तुम्ही हसत होता.

रंगनाथरावांनाही कात्रण दाखवलं. सहज विषय निघाला म्हणून.

आई म्हणते, आता तू आपल्या गावच्या बाजूला कामाला जाणार आहेस, कारण वरच्या कड्यात थोडी गिधाडं उरली आहेत. सह्याद्रीत दुसरा कडा नव्हता काय? जायचंच असेल तर वस्तीत मच्छिंद्रकडं उतर. माझा चुलतभाऊ आहे, जेवू घालेल. वरच्या आळीत कुणाकडं उतरू नकोस.

पप्पा


कर्वेनगर
२० जानेवारी २००५

कल्याणी,

मच्छिंद्रचा फोन आला होता. त्याचेच शब्द लिहितो: 'सुखदेवा, तुझी पोरगी गुणाची हाय, पण तिनं आपल्या पोरांस्नी ढोरं वडायच्या कामावर घेतलंया. म्हातारी माणसं जेवंनात.'

मला वाटलं फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे. मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, बिघाड नव्हता.

तुझी अडचण मला समजते. कड्यावर एकच घरटं राहिलंय, त्यात पिल्लू आहे, वर्षाला एकच अंडं घालतात, ते वाया गेलं तर संपलं. ज्या जनावराला ते इंजेक्शन दिलेलं नाही असंच जनावर कड्याखालच्या माळावर नेऊन टाकायला पाहिजे. ठीक आहे. पण गावात एवढे ट्रॅक्टर आहेत, प्लॉट विकून रिकामी बसलेली वरच्या आळीची पोरं आहेत, आणि तुला दोर धरायला आपलीच पोरं मिळाली? तू आईला फोनवर म्हणालीस की ती स्वतःहून हो म्हणाली, हातमोजे आहेत, रोज आहे आणि पक्षी काही जात विचारत नाही. अगं, पक्षी नाही विचारत. गाव विचारतं. रिकामं पोरगं कशालाही हो म्हणतं, म्हणून त्याला काय हवं ते सांगायचं?

सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत त्या पोरांनाच हे काम द्यायचा ठराव आहे म्हणे. तोपर्यंत कुणाच्या हातात दोर देऊ नकोस. मी येतोय.

सुखदेव


कर्वेनगर
३ फेब्रुवारी २००५

कल्याणी,

तू तिथं होतीस, तरी लिहितो, कारण सगळं तुझ्या कानावर आलेलं नाही.

सभेआधी सरपंचानं मला घरी बोलावलं. दिग्विजय, त्याच पाटलाचा नातू. पोरगा गोड बोलतो. ओट्यावर नाही, आत सोफ्यावर बसवलं, सगळ्यांच्या कपांसारख्याच कपात चहा दिला. म्हणाला, काका, आता कुठं राहिलंय तसलं काही? पण कामाला माहितगार माणूस लागतो ना. मी म्हणालो, मच्छिंद्रचा मुलगा वायरमनचं काम शिकलाय, त्याला बैलातलं काय माहीत? तो म्हणाला, असतं काका, रक्तात असतं. हे तो चांगल्या भावनेनं म्हणाला, हे लक्षात घे. कौतुक म्हणून म्हणाला.

म्हणून सभेत मी उभा राहिलो आणि माझ्या बापाचं वाक्य बोललो. वाक्य तेच, फक्त या वेळी माईकवर. वस्तीतल्या पोरांनी हातमोजे टेबलावर आणून ठेवले. मग सरपंचानं विचारलं, बाकी कोण तयार आहे? वरच्या आळीतून एकही हात वर आला नाही. ठराव बारगळला. तू टेबलामागं बसली होतीस. तुझ्याकडं बघायचं मी टाळलं.

स्टँडवर तू मागून धावत आलीस.

"पप्पा, तुमचं सगळं बरोबर आहे. पण पिल्लू उपाशी आहे."

"मग ज्याची गाय त्याला सांग."

"तो नाही म्हणतो."

"मग मरू दे पिल्लू."

तू तशीच वळून ओढ्याकडं गेलीस. अर्ध्या तासानं एसटी सुटली तेव्हा ओढ्याकाठी मेलेल्या गाईच्या पायाला तू स्वतः दोर बांधत होतीस, दुसरं टोक तुमच्या संस्थेच्या जीपला. मी खिडकीतून बघितलं. उतरलो नाही. गुडघा दुखत होता.

सुखदेव


कर्वेनगर
४ जून २००६

चि. कल्याणी,
जय भीम.

सव्वा वर्षात तुझी दोन पत्रं आली, दोन्ही आईच्या नावावर. तिनं ती आता मनात वाचली.

जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, हे पेपरात वाचलं. तुमच्या सगळ्यांच्या कष्टाला यश आलं. मनापासून लिहितो. पण बंदी आली म्हणून दुकानातल्या बाटल्या आपोआप रिकाम्या होत नाहीत, हे मला सरकारी नोकरीत राहून माहीत आहे.

पिल्लू मेल्याचं मला मच्छिंद्रनं कळवलं. तू दोन महिने एकटीनं जीप हाकलीस, वरच्या आळीचं कुणी आलं नाही, खालच्या आळीचं कुणी आलं नाही, आणि शेवटी जीपही संस्थेनं परत नेली. मग मार्चमध्ये ते कड्याखाली सापडलं. उडायला महिना राहिला होता म्हणे. त्यानंतर तू तिकडं उत्तरेला गेलीस, पिंजऱ्यात गिधाडं वाढवतात तिथं. मी म्हणालो होतो मरू दे, आणि ते मेलं. तू हे मला एकदाही ऐकवलं नाहीस. फोन करून ऐकव. तुझी आई तोंडावर ऐकवते, ते मला सोपं जातं.

एक गोष्ट तेव्हा लिहिली नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नव्हे, माझ्याच्यानं लिहवेना. एसटीत माझ्या मागच्या बाकावर वरच्या आळीचे दोघे बसले होते. तू दोर बांधताना त्यांनीही बघितलं. एक दुसऱ्याला म्हणाला, "दत्तोबाची नात आली बग कामावर." दुसरा हसला. ते सभेला नसावेत, मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मी एकसष्ट वर्षांचा पेन्शनर माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, तिकीट हातात धरून पुण्यापर्यंत तसाच बसून राहिलो.

तू काही चूक केलीस असं मी म्हणत नाही. मी चुकलो असंही म्हणत नाही. ग्रामसभेत जे बोललो ते पुन्हा बोलेन. पण तुला एकटीला दोर ओढताना बघितल्यापासून मला जेवताना घास फिरतो, आणि याचं काय करायचं ते मला समजत नाही. तुझ्याइतकं माझं कुणी नाही गं. समाधान चांगला आहे, दर महिन्याला फ्रीज नाहीतर पंखा असलं काहीतरी आणतो. पण भांडायला तूच लागतेस.

पत्र पाठव. चार शिव्या लिहून पाठव.

पप्पा


कर्वेनगर
१९ फेब्रुवारी २००७

चि. कल्याणी,
जय भीम.

काल मी गावाला जाऊन आलो. आईही आली होती. काय झालं ते तुला दुसरं कुणी सांगायच्या आत मी सांगतो.

तू गेल्यानंतर मेलेली जनावरं ओढ्यातच पडायची. कुत्री माजली. आधी शेरडं फाडली, मग दिवाळीनंतर सरपंचाची आई गोदाबाई शेताकडं निघाली होती, तिची पिंढरी फाडली. इंजेक्शनं झाली, बाई वाचली, पण अजून काठी घेऊन चालते. तेव्हा कुठं गावाचे डोळे उघडले. पुन्हा सभा झाली. ढोर ओढ्यात टाकायचं नाही, गावापासून लांब कड्याखालच्या माळावर न्यायचं, असं ठरलं. नेणार कोण? परगावची माणसं आता मिळत नाहीत, त्यांचीही पोरं कंपनीत जातात. वस्तीनं तर हात कधीच झटकलेले. मच्छिंद्र म्हणाला, सभेत शेवटी गोदाबाईच उठली आणि मुलाला म्हणाली, ज्याचं त्यानं न्यावं, लाज कसली? ठराव झाला.

परवा दिग्विजयचा बैल मेला. घरचा शेवटचा. मच्छिंद्रचा फोन आला, 'सुखदेवा, ये. बघायला ये.' तुझ्या आईनं लगेच साडी बदलली.

ट्रॅक्टर ओढ्यापर्यंत गेला, पुढं चढण आहे, तिथून हातानंच न्यावं लागतं. दिग्विजय आणि त्याचे दोन चुलतभाऊ. नाकाला रुमाल, हातात तुझेच हातमोजे, ग्रामपंचायतीत पडून होते ते. बैल अवजड. त्यांना गाठ मारता येईना, दोन वेळा पाय सुटला. सगळी वस्ती माळाच्या कडेला उभी होती. कुणी हसलं नाही, मला वाटलं होतं हसतील. म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले होते. मच्छिंद्र रडत होता. म्हणत होता, दत्तोबा पायजे हुता, दत्तोबा पायजे हुता. बैलाला ते औषध टोचलं नव्हतं हे दिग्विजयनं मला आपणहून येऊन सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तुझी आठवण काढली त्यानं.

बैल जागेवर पडला. ते तिघं घाम पुसत बाजूला झाले. अख्खं गाव त्यांच्याकडं बघत होतं आणि मी वर बघत होतो.

कल्याणी, आभाळ रिकामं होतं. घार होती एक, कावळे होते. मला वाटलं, वेळ लागत असेल, लांबून यायची असतील. लहानपणी एवढा वेळ लागत नसे, पण तेव्हाची गोष्ट वेगळी. माणसं पांगली. ऊन कललं. कड्यावरची ती पांढरी रेघ, जिथं घरटं होतं म्हणतात, ती मच्छिंद्रनं मला दाखवली. मी तिच्याकडं डोळे लावून बसलो. तुझी आई म्हणाली, चला, एसटी जाईल. मी म्हणालो, थांब जरा. ती म्हणाली, कुणाची वाट बघताय? मग खालून कुत्री आली आणि बैलावर बसली, आणि मी हातात दगड घेऊन त्यांना हाकलायला लागलो. तुझ्या आईनं माझा दंड धरून मला ओढत स्टँडवर आणलं.

माझा बाप जे बघायला जगला नाही ते मी काल बघितलं. जन्मभर वाटत होतं, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बास. बघितलं, आणि मला ते पुरलं नाही. तू तिथं असायला हवी होतीस आणि वर काहीतरी यायला हवं होतं.

तुझ्या पिंजऱ्यात पिल्लं झाली का? त्यातलं एखादं आपल्या कड्यावर सोडायचं म्हटलं तर किती वर्षं लागतील? गाव जनावर नेऊन टाकेल, त्याची काळजी करू नकोस, ते मी बघतो. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. तेवढं लक्षात घेऊन काय ते खरं लिही.

पप्पा